जीप दाखवायची की नाही? एका नर्मदा परिक्रमेच्या पोस्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका कुटुंबाने वडिलांच्या पंच्याहत्तरीसाठी त्यांच्या प्रवासाचं चित्र करून द्यायचं काम आमच्याकडे आणलं. कुटुंबाच्या परवानगीने इथे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. वडिलांना पुढे ‘काका’ म्हणतो, आम्ही त्यांना तसंच म्हणत होतो.

काकांनी २०२२ च्या कार्तिकात ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलली आणि पुढच्या वर्षी पाऊस लागायच्या आत तिथेच पूर्ण केली. खिशात स्मार्टफोन होता. मुलीने जाताना लोकेशनची नोंद चालू करून दिली होती, ती हरवण्याच्या धास्तीने. परत आल्यावर त्या नोंदीकडे कोणी पाहिलं नाही. मग पंच्याहत्तरी जवळ आली आणि तिच्या डोक्यात आलं, की बाबांची सगळी वाट फोनमध्ये आहे, तर तिचं छानसं चित्र करून भिंतीवर लावू. तेही बाबांना न सांगता.

आमचं काम दोघांत वाटलेलं आहे. माझी सहकारी चित्र काढते, डेटाचं मी बघतो.

परिक्रमेचा एक नियम या प्रकरणात सतत आडवा येतो, म्हणून तो आधी सांगतो. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र ओलांडायचं नाही. उपनद्या ओलांडलेल्या चालतात. तट बदलायचा तो फक्त दोन जागी: उगमाला अमरकंटकला वळसा घालून आणि मुखाशी समुद्रातून होडीने. ओंकारेश्वरचं मंदिर मांधाता बेटावर, म्हणजे पात्राच्या मधे, म्हणून तिथलं दर्शनसुद्धा परिक्रमा संपल्यावरच. पात्र ओलांडलं की परिक्रमा खंडित.

पहिला निर्णय: सरप्राइज की परवानगी

मुलीने पाठवलेली फाइल उघडली, तेव्हा त्यात परिक्रमा हा एक तुकडा होता. बाकी काकांचं रोजचं आयुष्य: सकाळी कुठल्या बागेत जातात, कुठल्या डॉक्टरकडे जातात, दर गुरुवारी कुठे असतात. लोकेशनची फाइल अशीच असते. तिला प्रवास आणि घर यांतला फरक कळत नाही. मुलीचा हेतू चांगला होता, पण काकांचा हा सगळा दिनक्रम त्यांना न विचारता आमच्या लॅपटॉपवर आला होता.

दोन वाटा होत्या. तारखांप्रमाणे फक्त परिक्रमेचा भाग कापून घ्यायचा, बाकी पुसायचं आणि सरप्राइज टिकवायचं. किंवा काकांना सांगायचं. आम्ही कापणं-पुसणं तर लगेच केलं, पण सांगण्याचाही आग्रह धरला. मुलगी थोडी नाराज झाली. आमचा मुद्दा परवानगीपुरता नव्हता. ज्याने वाट चालली त्याला न विचारता वाट काढली, तर फोनच्या चुका त्याच्या नावावर जातात. असं का म्हणतो ते पुढे कळेल.

काकांना सांगितलं, तेव्हा उत्साह वगैरे काही दिसला नाही. “नकाशा कशाला? मैया कुठून कुठे जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे,” इतकंच म्हणाले. मग आत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही घेऊन आले. वाटेतल्या आश्रमांचे आणि ग्रामपंचायतींचे शिक्के, खाली तारीख आणि सही. परिक्रमावासी अशी वही जवळ ठेवतात, हे माहीत असलेल्याला त्यात नवल नाही. पण घरच्यांच्या लेखी ती देवघरातली वस्तू होती, ‘डेटा’ नव्हे. पुढे फोनच्या फाइलपेक्षा या वहीने जास्त काम केलं.

अडचण: कागदात न बसणारी नदी

कुटुंबाला ए-टू आकाराचं फ्रेम केलेलं पोस्टर हवं होतं. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. नकाशावर ती पूर्व-पश्चिम साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास पसरते आणि दक्षिणोत्तर जेमतेम दोनशे. ए-टू कागद आडवा धरला तर रुंदी ५९४ मिलिमीटर. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दीड-पावणेदोन किलोमीटर. आणि नदीचं पात्र बहुतेक ठिकाणी एक किलोमीटरच्या आतबाहेर, वरच्या अंगाला तर बरंच कमी. दक्षिण तटाने गेलेली रेघ आणि उत्तर तटाने परतलेली रेघ एकमेकींवर बसत होत्या. अडीच हजार किलोमीटरच्या वर चाललेल्या माणसाची वाट कागदावर एका सुरवंटासारखी दिसत होती. वर-खाली नुसता पांढरा कागद.

यावर जे पर्याय समोर मांडले, ते असे.

एक: प्रमाणबद्ध नकाशा तसाच ठेवायचा आणि रिकाम्या जागेत चित्रं भरायची. सर्वांत सोपं, आणि बाजारात मिळणारी बहुतेक ‘प्रवास पोस्टरं’ अशीच असतात. पण परिक्रमेचा गाभा म्हणजे दोन तट, आणि तेच त्यात दिसत नव्हते.

दोन: गोल. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी हॅरी बेकने केलेला आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला नकाशा अंतरं सोडून देतो आणि फक्त क्रम जपतो. त्याच धर्तीवर मधे नदी, भोवती वर्तुळ, वर्तुळावर मुक्काम. काकांच्या मुलाला हा फार आवडला. मला तो घड्याळासारखा वाटला. ओंकारेश्वर आणि भेडाघाट यांत काही फरकच उरत नव्हता.

तीन: पट्टी-नकाशा. जॉन ओगिल्बीने १६७५ मध्ये इंग्लंड-वेल्सचे रस्ते कागदाच्या गुंडाळीसारख्या पट्ट्यांवर काढले. रस्ता सरळ वर जातो, दिशा बदलली की त्या पट्टीपुरतं होकायंत्र फिरतं. चालणाऱ्याच्या नजरेला हे जवळचं. पण ए-टूवर शेजारी-शेजारी पट्ट्या लावल्या की नदीचे तुकडे पडतात, आणि काकांनी पाहताक्षणी विचारलं, “मैया कापली का मधे?”

चार: उभा कापडी पट. आपल्याकडे तीर्थांचे पट काढायची परंपरा जुनी आहे. जैनांमध्ये पालिताण्याच्या शत्रुंजय डोंगराचे मोठे पट असतात; ज्यांना कार्तिकी पौर्णिमेला तिथे जाता येत नाही, ते त्या दिवशी पटाचं दर्शन घेतात. तिथे अंतर मोजून काढलेलं नसतं, जाण्याची वाट आणि वाटेतलं दर्शन काढलेलं असतं. आमच्या सहकारीने पूर्व दिशा वर घेतली. अमरकंटक माथ्यावर, खंबातचं आखात तळाशी, मधे नदी खाली उतरते. दक्षिण तट उजवीकडे येतो, उत्तर तट डावीकडे. काका उजव्या काठाने खाली उतरतात, तळाशी होडीत बसतात, डाव्या काठाने वर चढतात, माथ्यावर वळून पुन्हा उजव्या काठाला लागतात. पटावर ही आपोआप प्रदक्षिणाच होते.

चौथा पर्याय ठरला. पाच फूट लांब, सव्वा फूट रुंद कापड, वर-खाली लाकडी दांडी. नदीची रुंदी मुद्दाम कित्येक पट वाढवली, आणि तसं तळाच्या ओळीत लिहिलंही. ए-टूची फ्रेम घरच्यांनी आधीच पसंत करून ठेवली होती, ती बाजूला राहिली.

अडचण: फोन म्हणतो परिक्रमा खंडित

फाइल नकाशावर टाकली तर रेघ नर्मदा बऱ्याच ठिकाणी ओलांडत होती. नेमावर आणि हंडिया समोरासमोर आहेत, तिथे तर काका एका रात्रीत चारदा या तटावरून त्या तटावर गेल्यासारखे दिसत होते. मुलीने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. बाबांना दाखवू नका म्हणाली.

कारण साधं होतं. फोनला उपग्रहाचा सिग्नल नीट मिळत नसेल, माणूस आश्रमाच्या पत्र्याखाली झोपला असेल, तर फोन मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो. टॉवर पलीकडच्या गावात असेल तर बिंदूही पलीकडे पडतो. प्रत्येक नोंदीशेजारी अचूकतेचा आकडा मीटरमध्ये असतो. अँड्रॉइडच्या व्याख्येनुसार खरी जागा त्या त्रिज्येच्या वर्तुळात असण्याची शक्यता साधारण ६८ टक्के. म्हणजे तीनातला एक बिंदू वर्तुळाबाहेरही असू शकतो. नेमावरच्या त्या उड्या मारणाऱ्या नोंदींची त्रिज्या हजार-दीड हजार मीटर होती. नदीपेक्षा वर्तुळ मोठं.

इथे मोह असा होतो की चुकार बिंदू उचलून योग्य तटावर नेऊन ठेवावेत. आम्ही तसं केलं नाही. ज्या नोंदीचं वर्तुळ नदीच्या काठापर्यंतच्या अंतरापेक्षा मोठं, ती नोंद गाळायची, हलवायची नाही, असा नियम केला. गाळून जे उरलं त्यावर वहीतले शिक्के ठेवून पाहिले. तट कुठला याबद्दल एकाही जागी शंका उरली नाही.

मग उलटी गंमत झाली. नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या जलाशयाच्या दक्षिणेला, परिक्रमेच्या शेवटच्या टप्प्यात, काही बिंदू थेट पाण्यात पडत होते. त्यांची अचूकता दहा-पंधरा मीटर. आमच्या नियमाने ते गाळता येत नव्हते. काकांना विचारलं तर म्हणाले, “पाण्यातून कसा जाईन? कोरडी जमीन होती, भेगा पडलेली. कलिंगडं लावली होती लोकांनी.” चूक नकाशाची होती. नकाशात जलाशय काठोकाठ भरलेला दाखवतात. पूर्ण भरल्यावर इंदिरा सागरचं पाणी नऊशे चौरस किलोमीटरच्या वर पसरतं. मे महिन्यात ते बरंच मागे सरकलेलं असतं. सेंटिनेल-टू उपग्रहाची छायाचित्रं फुकट मिळतात, त्यातलं त्याच आठवड्याचं एक काढून पाहिलं. काका म्हणाले ते बरोबर निघालं, कोरडा पट्टा स्पष्ट दिसत होता. कलिंगडं दिसली नाहीत, इतकंच.

याच भागात आणखी एक निर्णय करावा लागला. उंचसखलपणासाठी आम्ही एसआरटीएमचा डेटा वापरतो. एंडेव्हर या अवकाशयानाने २००० च्या फेब्रुवारीत अकरा दिवसांत रडारने केलेली ती मोजणी. इंदिरा सागरचा जलाशय तेव्हा नव्हता. त्याच्या पाण्यात हरसूद गाव बुडालं ते २००४ मध्ये. त्यामुळे त्या डेटात आजच्या पाण्याखालची दरी उघडी आहे, जुन्या नदीचं वळण दिसतं. सहकारीने जलाशय फिकट निळ्या पाण्यासारखा रंगवला आणि त्याच्या आत जुनं पात्र बारीक गडद रेघेने काढलं. सरदार सरोवरच्या मागच्या पाण्यालाही तसंच केलं. तिथे २००० मध्ये धरण अर्धवट उंचीचं होतं, १३८.६८ मीटरची पूर्ण पातळी पहिल्यांदा गाठली गेली २०१९ मध्ये. कुटुंबाने हे मागितलं नव्हतं. पण परिक्रमेची जुनी वाट जिथून जायची ती पाण्याखाली आहे, हे काका गप्पांत दर वेळी सांगत होते.

रिकामी जागा

शूलपाणीच्या झाडीत बरेच दिवस फाइल कोरी होती. बॅटरी वाचवायला काका फोन बंद ठेवत. घरच्यांकडे त्या भागातले फोटो होते, पण सगळे व्हॉट्सअॅपवर आलेले. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना त्यातली जागेची माहिती काढून टाकतं. फाइलच्या नावात तारीख असते, ती पाठवल्याची. काका रेंजमध्ये आले त्या संध्याकाळी सगळे फोटो एकदम सुटले, म्हणून आठवडाभराचं जंगल एकाच तारखेला गोळा झालेलं. काकांच्या रोजनिशीत त्या दिवसांच्या दोन-तीन ओळी आणि वहीत मोजके शिक्के.

मुलाचं म्हणणं, अंदाजे रेघ जोडून टाका. आम्ही फोनची वाट सलग रेघेने, शिक्के आणि आठवणींवरून ठरवलेली वाट सुट्या ठिपक्यांनी काढली, आणि शूलपाणीत जिथे काहीच नव्हतं तिथे झाडी काढून वाट तिच्यात शिरू दिली. पटाचा हा भाग मला सगळ्यांत आवडतो.

इथेच एक चित्र गळलं. परिक्रमेच्या गोष्टींत शूलपाणीचे ‘मामा’ म्हणजे तिथले भिल्ल लोक परिक्रमावासींना लुटायचे, हे हटकून येतं. मुलाने तो प्रसंग मागितला, सहकारीने तीरकमठ्याचा कच्चा आराखडाही केला. काकांनी तो पाहिला. “मला तिथे मक्याची भाकरी मिळाली. लूट मी ऐकलेली आहे, पाहिलेली नाही.” ही तर त्यांची वाट होती, ऐकीव गोष्टींची नव्हे. पटावर चूल आणि मक्याची भाकरी आली.

जीप

एप्रिलमधली एक नोंद मला आधीच खटकली होती. उत्तर तटावर, बरमानच्या पुढे, बिंदू अचानक लांब-लांब पडले होते. वेग माणसाच्या चालीचा नव्हता. थेट जबलपूरपर्यंत तसंच, मग तीन दिवस एकाच जागी.

मुलाला विचारलं तेव्हा तो अडखळला. काकांना ताप होता. गावकऱ्यांनी जीप काढली. बरमानचा पूल ओलांडला की नरसिंहपूर जवळ, पण काकांनी पूल ओलांडू दिला नाही. तापात होते, तरी नाही म्हणाले. म्हणून लांबच्या वाटेने, उत्तर तटावरूनच, जबलपूर. बरं वाटल्यावर पुन्हा चालायला लागले, मागे परतले नाहीत.

मुलाचं मत: हा तुकडा बाकीच्यासारखाच काढा. पायी परिक्रमा म्हणून सगळ्यांना सांगितलंय, पाहुणे विचारतील, बघणाऱ्याला काय करायचंय. मुलीचं मत उलटं, पण भावासमोर ती फार बोलली नाही. आमच्यापुढे तीन वाटा होत्या: पायवाटेची रेघ ओढून टाकायची, तुकडा रिकामा सोडायचा, किंवा वेगळी रेघ काढायची.

रिकामा सोडणं मला अर्धं खोटं वाटत होतं. रिकामी जागा आम्ही ‘नोंद नाही’ या अर्थाने वापरली होती, आणि इथे तर नोंद लख्ख होती. शिवाय वाहनाने परिक्रमा खंडित होत नाही. महाराष्ट्रातून बसने परिक्रमेला जाणारे कितीतरी आहेत. पण हे ठरवणारे आम्ही कोण, आणि मुलगा तरी कोण? हा प्रश्न घेऊन सरळ काकांकडे गेलो.

काकांनी मुलाकडे पाहिलंही नाही. सहकारीला म्हणाले, “ताई, जीप काढा. लपवायचं काय त्यात? फक्त मला आडवा दाखवू नका, मी बसून गेलो होतो.”

पटावर बरमान ते जबलपूर दोन समांतर चाकोऱ्या आहेत आणि त्यांवर बोटाच्या पेराएवढी जीप, मागच्या सीटवर ताठ बसलेला एक माणूस. शेजारी पूल, रिकामा.

शिक्के, नावं आणि छपाई

वहीतले शिक्के स्कॅन करून मुक्कामांच्या जागी तसेच वापरायचे ठरले. जांभळी शाई, अर्धवट उमटलेली कड, मधे आश्रमाचं नाव, खाली हाताने लिहिलेला व्यवस्थापकाचा मोबाइल नंबर. नंबर आणि सह्या सगळ्या पुसल्या. ज्या घरांनी काकांना ओसरीवर आसन लावू दिलं, त्यांची नावं रोजनिशीत होती. पटावर नुसती दारं आहेत, नावं नाहीत. गरुडेश्वर आणि नारेश्वर या दोन जागा मात्र काकांनी मोठ्या अक्षरांत मागितल्या. टेंबेस्वामींची समाधी आणि रंगावधूत महाराजांचं स्थान. दत्तसंप्रदायातल्या मराठी माणसाची तिथे पावलं अडखळतातच. स्वतःचं नाव घालू दिलं नाही.

छपाईत जांभळ्याने त्रास दिला. पडद्यावर दिसतो तसा जांभळा छपाईच्या चार शायांतून निघत नाही, निळ्याकडे झुकतो. कापडावर आणखी मातकट होतो. नमुन्याची पट्टी आधी छापून घेतली होती म्हणून हे वेळेत कळलं. शिक्क्यांत लाल वाढवून ते थोडं सावरलं. सुती कापडावर बारीक अक्षरांच्या कडा फुटतात, म्हणून मुक्कामांची नावं निम्म्याने कमी केली आणि उरलेली मोठी केली. हे काकांच्या डोळ्यांसाठीही बरं झालं.

निष्पत्ती

पट घरातल्या बोळात लागला, कारण पाच फूट उभी मोकळी भिंत तिथेच होती. देवघराजवळ लावायचा मुलीचा बेत फसला. पाहुण्यांनी पहिलं विचारलं ते जीपबद्दल, आणि काका ती गोष्ट तपशीलवार सांगतात. मुलाची भीती खरी ठरली, फक्त तिचा कुणाला त्रास झाला नाही.

मुलीने नातेवाइकांना पाठवायला डिजिटल प्रत मागितली. इतकं लांबट चित्र फोनवर एक दोरा दिसतं. त्याचे तुकडे करून पाठवावे लागले, म्हणजे मैया शेवटी कापलीच. काकांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

पुन्हा असं काम आलं तर

शिक्क्यांची वही, तिकिटं, रोजनिशी असं कागदावरचं सगळं आम्ही फोनच्या फाइलच्या आधी मागू. फोन जागा सांगतो, कागद क्रम सांगतो; चित्राला क्रम जास्त लागतो. चालणाऱ्या माणसाची मुलाखत रेघेचा पहिला मसुदा समोर ठेवून घेऊ, नुसत्या गप्पांत कलिंगडं आणि पूल निघाले नसते. वाहन, आजारपण, वाट सोडणं यांचं काय करायचं, हे काम घेतानाच विचारू, आणि त्यावर शेवटचा शब्द कुणाचा हेही लिहून घेऊ. मुलगा आणि काका यांच्यात आम्ही सापडलो, ते यामुळे टळलं असतं.

कापड की कागद, यावर आमच्या दोघांत अजून मतभेद आहेत. सहकारीच्या मते चांगल्या सुती कागदावर रेघ जास्त खुलली असती. बोळातल्या वाऱ्याने खालची दांडी भिंतीवर आपटते, हेही तिने बजावून सांगितलं आहे.

आणि पैसे. ठरलेल्या मानधनात चित्र बसलं, डेटा बसला नाही. बिंदू गाळणं, शिक्के जुळवणं, उपग्रहाची छायाचित्रं शोधणं यांत चित्रापेक्षा जास्त वेळ गेला. आता दरपत्रकात ‘नोंदींची छाननी’ ही वेगळी ओळ आहे, आणि तिचा आकडा फाइल पाहिल्याशिवाय आम्ही सांगत नाही.